खेळाची बैठक

बलिप्रतिपदेला आपल्या शास्त्रकारांनी आणखी एक नाव देऊन ठेवले आहे. हल्ली ते फारसे कोणी उच्चारीत नाही. ते नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी पार्वतीने द्यूतात शंकराला हरविले अशी पुराणातली कथा, आणि म्हणून या दिवशी माणसाने थोडा खेळ खेळून वर्षाचा शकुन पाहावा अशी जुनी रीत. एरवी द्यूताला सर्वनाशाचे दार म्हणणाऱ्या परंपरेने वर्षातून एक दिवस हे दार किलकिले ठेवावे, याची मला मोठी मौज वाटते. फराळाचे ताट शेजारी घेऊन ज्यांनी हा अंक उघडला असेल, त्यांच्यापैकी कित्येकांच्या आतल्या खोलीत एखादा मुलगा वा नातू पडद्यासमोर बसून तीच रीत पाळीत असेल. फरक एवढाच, की त्याला प्रतिपदा रोजच असते.

त्या मुलाला बोल लावण्याचा माझा विचार नाही. मला लिहायचे आहे ते त्याच्या बसण्याविषयी. या विषयावर लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे. मुक्काम छत्रपती संभाजीनगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे औरंगाबाद, वयाची पन्नाशी, व्यवसाय इतिहास शिकविण्याचा, आणि गेली अकरा वर्षे सोबतीला कमरेचे दुखणे. शिवाय सायंकाळी, दिवसभराची कामे उरकली की, मी संगणकावर खेळ खेळतो. माझी कंबर ज्यांना ठाऊक आहे ते विचारतात, "मग बसता कशाला?" आणि माझा खेळ ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतात, "मग दुखेल नाही तर काय!" दोघांनाही उत्तर देता येईना, तेव्हा मी आमच्या धंद्यातली नेहमीची युक्ती केली. कोणतीही गोष्ट सुटेना झाली, की ती केव्हा सुरू झाली हे पाहायचे. खेळणारा माणूस केव्हापासून बसला, आणि त्याला उठवीत कोण होते?

पुराव्यासाठी मला फार लांब जावे लागले नाही. शहरापासून तीस किलोमीटरांवर वेरूळ आहे. मोटारीत बसून तिथवर जाणे माझ्यासारख्याला सोपे नाही. दौलताबादच्या पुढे रस्त्यातला प्रत्येक गतिरोधक माझे नाव घेऊन हाक मारतो. पण तिथे गेल्यावर कैलास लेण्यापुढची गर्दी सोडून चौदाव्या लेण्यात जावे, त्याला 'रावण की खाई' म्हणतात. किंवा एकविसाव्या, रामेश्वर लेण्यात. दोन्ही ठिकाणी भिंतीवर शिवपार्वती सारीपाट खेळत बसले आहेत. एकोणतिसाव्या लेण्यातही हाच प्रसंग आहे. सहाव्या-सातव्या शतकांतले हे काम. ज्या राज्यात आज घरोघर मुले पडद्याला खिळलेली आहेत, त्या राज्यातली खेळणाऱ्यांची ही फार जुनी चित्रे.

मी ती पाहतो ती कंबर दुखणाऱ्याच्या नजरेने. दोघे जमिनीलगत ऐसपैस बसले आहेत. भोवती परिवार उभा आहे, आणि खाली गणांनी नंदीला छळायला घेतले आहे. खेळ चालू आहे आणि घरही चालू आहे. कोणीही खेळात कोंडलेले नाही. मालक डावात गुंतले की दारातल्या बैलाचे काय होते, हे त्या शिल्पकाराने अचूक टिपले आहे, आणि हसत टिपले आहे. आमच्या घरी नंदीच्या जागी गॅसवरचे दूध असते.

त्याहून जुना पुरावा ऋग्वेदात, दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात आहे. त्यातला जुगारी बेहड्याच्या फळांनी खेळतो, घर घालवून बसतो आणि तरी पटाकडे ओढला जातो. (त्याच बेहड्याचे त्रिफळा चूर्ण मी रोज रात्री घेतो. फासे गेले, औषध राहिले.) महाभारतातले द्यूत सर्वांना माहीत आहे, ते मी उगाळीत नाही. सारीपाटाकडे मात्र जरा निरखून पाहिले पाहिजे. कापडाच्या चार पट्ट्या, प्रत्येकीत चोवीस घरे, एकूण ९६. चौघे खेळाडू, सोंगट्या सोळा. चौघांच्या डावात चार हिश्शांतले तीन हिस्से वेळ माणूस नुसता वाट पाहत असतो. त्या वेळात तो मांडी मोडतो, लोडाला टेकतो, पाय लांब करतो, सुपारी कातरतो, पाणी पिऊन येतो. कवड्या दुसऱ्याच्या हातात गेल्या की पाठ आपल्या मालकीची होते. महाराष्ट्रातल्या कित्येक देवळांच्या आणि लेण्यांच्या फरसबंदीवर नवकंकरीचे पट कोरलेले सापडतात. तिथेही एकाने खडा सरकविला की दुसऱ्याची पाळी. ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरेने घातलेला मोक्षपट घ्या, ज्याचे इंग्रजांनी पुढे सापशिडीत रूपांतर केले. त्यात साप चावला तरी फासा पुढच्याकडे जातोच. पाळी हा जुन्या खेळाचा नुसता नियम नव्हता. ती खेळणाऱ्याच्या शरीराला मिळालेली सुट्टी होती.

बसण्याचे दुखणे त्या काळी नव्हते असे नाही. ते खेळणाऱ्यापेक्षा कामकऱ्याच्या वाट्याला येई. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली दिल्ली उठवून दौलताबादेला आणली, तेव्हा त्याच्याबरोबर विणकर आले आणि आमच्याकडे हिमरू रुजले, असे सांगतात. खड्डामागावर पाय खड्ड्यात सोडून, धाग्यांवर वाकून ते दिवस दिवस बसत. आमच्या शहराच्या नावाची शाल जगभर गेली; ती विणणाऱ्याच्या पाठीचा इतिहास कोणी लिहिला नाही. युरोपात मात्र असा एक माणूस निघाला. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली, म्हणजे ज्या वर्षी राजाराम महाराज सिंहगडावर वारले त्या वर्षी, कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बसून काम करणाऱ्या शिंप्यांच्या आणि चांभारांच्या वाकलेल्या पाठी त्याने पाहिल्या होत्या. त्याचा सल्ला साधा होता: निदान सणासुदीच्या दिवशी तरी या लोकांनी अंग हलवावे, म्हणजे अनेक दिवसांच्या बसण्याची थोडी भरपाई होईल. दिवाळीत फराळ खाऊन लोळणाऱ्या आपणा सर्वांसाठी हा सल्ला मी मुद्दाम इथे टिपून ठेवतो.

आता यंत्राकडे येऊ. विजेच्या पडद्यावरचा खेळ जन्मला तो उभ्याने, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. १९५८ च्या ऑगस्टात आमच्या शहरात मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एका छोट्या गोल पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. लोकांनी रांगा लावल्या. मागे माणसे ताटकळत असताना यंत्रापुढचा माणूस किती वेळ खेळणार? पुढे १९७२ साली 'पाँग' हा खेळ पेटीत घालून कॅलिफोर्नियातल्या एका मद्यगृहात ठेवला. काही दिवसांतच पेटी बंद पडली म्हणून तक्रार आली, आणि उघडून पाहतात तो नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. त्या पेटीपुढेही माणूस उभाच होता, आणि नाणे संपले की घरी जात होता. १९७८ साली जपानात 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. तो कॉफीगृहांतल्या टेबलांच्या काचेखाली बसविण्यात आला, आणि पडद्यापुढे वाकून बसणे सुरू झाले.

१९७२ म्हटले की आम्हा मराठवाड्याच्या लोकांना मद्यगृहातली पेटी आठवत नाही, दुष्काळ आठवतो. माझी आजी त्या साली दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तिने सांगितलेल्या आठवणींत भुकेपेक्षा कंबर जास्त वेळा येत असे: "पोट सुकडीनं भरायचं रे, पण कमरंला काय चारणार?" आणि त्याच आठवणींत हमखास येत ते सागरगोटे. दुपारी हातोडी खाली ठेवली की बायका लिंबाखाली बसून त्याच खडीतले पाच गोल खडे निवडीत आणि झेलीत. दिवसभर जो दगड फोडायचा त्याच दगडाशी खेळायचे! लहानपणी मला ते वेडेपणाचे वाटे.

पुढे हिरोडोटसचा इतिहास वाचताना मी एका पानावर थबकलो. लिडिया देशात आतिस राजाच्या वेळी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा लोकांनी फासे, चेंडू आणि हाडांचे सागरगोटे असे खेळ शोधून काढले, अशी हकीकत तो सांगतो. एक दिवस सारा दिवस खेळायचे, म्हणजे भूक आठवत नाही. दुसऱ्या दिवशी खेळ बंद ठेवून जेवायचे. अशी त्यांनी अठरा वर्षे काढली. हकीकत खरी मानण्याचे कारण नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी तशी ती मानीतही नाही. पण तिचा शेवट मला फार खरा वाटतो. अठरा वर्षांनंतरही दुष्काळ हटला नाही, आणि अखेर निम्म्या प्रजेला देश सोडून जावे लागले. खेळाने त्यांना धान्य दिले नाही, दिवस दिला. ते वाचले तेव्हा मला लिंबाखालच्या त्या बायका प्रथमच समजल्या.

माझा दुष्काळ अकरा वर्षांचा आहे. जुनाट दुखणे म्हणजे काय, हे ज्याला ते नाही त्याला सांगणे कठीण. ते दिसत नाही, त्याला ताप नसतो, पट्टी नसते. सकाळी उठताना आधी कुशीवर वळायचे, मग हाताने रेटा देऊन बसायचे, मग क्षणभर पलंगाच्या कडेवर थांबून आज दैव कसे आहे त्याचा अंदाज घ्यायचा. खाली पडलेली किल्ली उचलण्यापूर्वी ती खरोखरच हवी आहे का याचा विचार करायचा. शिंक येणार असे वाटले की भिंत धरायची. लग्नात पंगतीचा आग्रह झाला की खुर्ची मागायची आणि म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन बसायचे. पहिल्या वर्षी लोक कळवळून चौकशी करतात, तिसऱ्या वर्षी उपाय सांगतात, सहाव्या वर्षापासून "अजून दुखतंय?" असे विचारतात, आणि त्या 'अजून'मध्ये थोडा संशय असतो. चरकाने कमरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेला गृध्रसी म्हटले. गृध्र म्हणजे गिधाड, रोगी गिधाडासारखा चालतो म्हणून ते नाव, असे वैद्य सांगतात. आरशात पाहून मी त्याची खात्री करून घेतली आहे.

सोबतीला मंडळी पुष्कळ आहेत, हे समाधान. २०२० साली जगात एकसष्ट कोटी नव्वद लाख माणसांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. दुसऱ्या कोणत्याही दुखण्याने इतकी माणसे कामातून जात नाहीत. आणि छायाचित्रात मणक्याच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या म्हणून फार घाबरू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले, की ज्यांना काहीही दुखत नाही अशा पन्नाशीच्या माणसांतही शंभरांतल्या ऐंशींच्या चकत्या झिजलेल्याच असतात. पांढऱ्या केसांसारखीच ती एक गोष्ट.

वैद्यकानेही या दुखण्यापुढे आपले मत अनेकदा बदलले. माझ्या वडिलांच्या वेळी कंबर धरली की फळीवर झोपवीत, पायाला वजने बांधीत, आणि आठवडेच्या आठवडे उठू देत नसत. १९८६ साली अमेरिकेत २०३ रोग्यांवर प्रयोग करून पाहिला: काहींना दोन दिवस झोपायला सांगितले, काहींना सात दिवस. गुण सारखाच आला. दोन दिवसवाले कामावर लवकर गेले, एवढाच फरक. बसण्याचेही तसेच. स्वीडनच्या नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि उभे राहण्यापेक्षा बसण्यात तो जास्त भरतो असे सांगितले. त्यावरून 'ताठ बसा'चा मंत्र साऱ्या जगाने घोकला. १९९९ साली जर्मनीत पुन्हा मोजले, तर सैल रेलून बसलेल्या माणसाचा दाब उभ्यापेक्षा कमी निघाला! आता जाणते लोक सांगतात, की अमुक एक बैठक पुण्यवान आणि तमुक पापी असे काही नाही. एकाच बैठकीत फार वेळ राहू नये, हालत राहावे. म्हणजे सारीपाटाच्या वेळी पाळी जे करून घेत होती, तेच.

ती पाळी गेली केव्हा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. १९९० नंतर आमच्या गल्लीत दूरचित्रवाणीला जोडायचा खेळ आला. त्याची वायर आखूड, म्हणून पडद्याजवळ फरशीवर मांडी घालून बसावे लागे. १९८५ सालचा तो 'मारिओ'! त्यात दोघे खेळायला बसले की एकाचा गडी मेल्यावरच दुसऱ्याला संधी मिळे. सारीपाटाची शेवटची खूण म्हणायची ती. शिवाय यंत्र भाड्याचे, खोली एक, आणि बातम्यांची वेळ झाली की वडील येऊन बटण दाबीत. १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी देशात इंटरनेट सुरू झाले आणि दोन-चार वर्षांत औरंगपुऱ्यापासून सिडकोपर्यंत सायबर कॅफे निघाले. तिथे आम्ही 'एज ऑफ एम्पायर्स' शिकलो: गावकरी कामाला लावायचे, लाकूड तोडायचे, किल्ला बांधायचा, शेजाऱ्याचा पाडायचा. तास भरला की मालक मागून खांद्यावर हात ठेवी. त्या हाताचा तेव्हा फार राग येई. रांग गेली, नाणे गेले, पाळी गेली, वडिलांचे बटण गेले, आणि घरात स्वतःचा संगणक आल्यावर तो हातही गेला. आता समोरचा प्रतिस्पर्धी ब्राझीलमधला असतो; तो थांबत नाही आणि मला थांबू देत नाही. २०१८ साली पब्जी आली तेव्हा तर खेळ खिशातच जाऊन बसला. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने तिच्यावर बंदी घातली, दुसऱ्या वर्षी ती नाव बदलून परत आली. त्या पिढीची कंबर शाबूत असली तरी मान वाकलेली आहे.

तर मग मी का खेळतो? कारण त्या तासात दुखत नाही. दुखते, पण शेजारच्या खोलीत दुखते. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडले, की वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे आणि मेंदू ते वरून थोडे लोटू शकतो. त्यांच्या सिद्धान्तात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. फाटकाची कल्पना टिकली. सिएटलमध्ये भाजलेल्या रोग्यांची मलमपट्टी करताना त्यांच्या डोळ्यांपुढे बर्फाळ दरीचा खेळ धरतात. रोगी बर्फाचे गोळे फेकीत राहतो आणि जखम धुणे थोडे सुसह्य होते. २०२१ च्या नोव्हेंबरात तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने खास जुनाट कंबरदुखीसाठी, डोळ्यांवर चढवायच्या अशा एका यंत्राला परवानगी दिली. आठ आठवड्यांचा क्रम, रोज एक बैठक, दोन मिनिटांपासून सोळा मिनिटांपर्यंत. सोळा मिनिटे झाली की यंत्र थांबते. सायबर कॅफेच्या मालकाचा हात त्यांनी औषधात घालून परत आणला आहे!

जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात जुनाट वेदनेला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले, आणि त्याच यादीत खेळाच्या आहारी जाण्याचाही रोग म्हणून समावेश झाला. एकाच ग्रंथात माझी दोन्ही अंगे नोंदली गेली, असे मी विनोदाने म्हणतो. घरात या विनोदाला कोणी हसत नाही. पत्नीला भीती आहे ती दुसऱ्या नोंदीची, आणि तिची भीती अगदीच निराधार नाही. मी खेळातून उठतो तेव्हा ती दूर लोटलेली वेदना दाराशीच उभी असते, आणि तिचे व्याज वाढलेले असते. लिडियाच्या लोकांना एक दिवसाआड जेवणाचा दिवस होता. तो दिवस कोणी तरी ठरवून दिला असणार. मला तो स्वतः ठरवायचा आहे, तोही दुखत असताना, आणि जिथे दुखत नाही अशा जागेवर बसून.

काही तजवीज मी केली आहे. संगणक उंच फडताळावर ठेवून निम्मा वेळ उभ्याने खेळतो. मुलाने वीस मिनिटांचा गजर लावून दिला आहे. तो बंद करण्यासाठी घड्याळ मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवले आहे. आई ऐंशीची आहे; तिच्याबरोबर प्रतिपदेला पट मांडतो. ती कवड्या खुळखुळवीत इतका वेळ घेते, की माझे दोनदा फिरून होते. आणि सर्वांत खात्रीचा उपाय आमच्या शहरानेच पुरविला आहे. आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड आणि अवेळी येते. गेल्या महिन्यात रात्री अकराला माझ्या किल्ल्याला वेढा पडला होता, तटाला खिंडार पडले होते, आणि खालून हाक आली: "नळ आला!" मी उठलो. मोटार लावली, टाकी पाहिली, पिंप भरले, जिना दोनदा चढलो. परत आलो तेव्हा राज्य गेले होते. ब्राझीलच्या माणसाने जाताना दोन शब्द लिहून ठेवले होते. ते मुलाकडून समजावून घेतले आणि पुसून टाकले.